फिटची गोळी, नसांची गोळी आणि घरातली एक वही

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी फिटची किंवा नसांच्या दुखण्याची गोळी घेत असेल तर शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही. घाटकोपरला पंतनगरात वाढलेला, घरातल्या दोन माणसांच्या गोळ्या वर्षानुवर्षं बघत आलेला साधा माणूस आहे. यातली औषधांची माहिती मी डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला विचारून पक्की करून घेतलीय.

आमच्या इमारतीत एकाच गटातल्या गोळ्या तीन माणसं घेतात, तीन वेगळ्या कारणांसाठी. माझ्या धाकट्या भावाला चौदाव्या वर्षापासून फिट येतात. तळमजल्यावरच्या काकूंना चेहऱ्याच्या उजव्या बाजूला करंट लागावा तशी कळ येते. दात घासतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि माझ्या आईला वीस वर्षांचा मधुमेह, रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात. भावाची आणि काकूंची गोळी तर एकच, कार्बामाझेपिन. आईची प्रीगाबालिन.

फिट आणि नसांचं दुखणं यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की दोन्हीकडे गडबड वायरिंगची आहे. मेंदूतल्या पेशी एकदम, गरज नसताना, एकत्र सिग्नल सोडायला लागल्या की फिट येते. इजा झालेली किंवा दाबली गेलेली नस उगाच सिग्नल पाठवत राहिली की कळ, जळजळ, मुंग्या. या गोळ्या तो जास्तीचा सिग्नल शांत करतात. म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालतं. पॅरासिटामॉलसारखी ही दुखलं की घ्यायची, थांबलं की सोडायची गोळी नाही. रोज, ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घ्यायची गोळी आहे.

काकूंच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. गोळीने त्यांना चांगला आराम होता. एक दिवस मेडिकलमध्ये शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "अहो, ही तर मिरगीची गोळी." झालं. काकू घरी आल्या आणि गोळी बंद. "मला काय फिट येतात काय?" पाचव्या दिवशी चेहऱ्याची कळ अशी परत आली की पाणी पिता येईना. वास्तविक गंमत अशी आहे की अमेरिकेत कार्बामाझेपिनला आधी मान्यता मिळाली ती याच चेहऱ्याच्या कळेसाठी, 1968 मध्ये. फिटसाठी मिळाली 1974 मध्ये. गाबापेंटिनचा प्रवास उलटा. ते 1993 मध्ये फिटसाठी आलं आणि नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यासाठी 2002 मध्ये. तेव्हा कागदावर "फिटचं औषध" वाचलं म्हणून घाबरू नका, आणि डॉक्टरने चुकीचं दिलं असंही समजू नका. शंका आली तर डॉक्टरला विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता भावाचं. हे त्याच्या आणि वहिनीच्या परवानगीने लिहितोय.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या मोठ्यांचं म्हणणं पडलं, मुलीकडच्यांना सांगायचं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की सांगून टाका, पण माझं कोण ऐकतो. लग्न झालं. मग गोळ्या लपवणं आलं. तो स्ट्रिप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. सकाळची गोळी तिथे पोहोचल्यावर, संध्याकाळची निघताना. दिवाळीची सलग चार दिवस सुट्टी आली. ड्रॉवर ऑफिसात, भाऊ घरी. सुट्टीनंतर कामावर निघाला आणि घाटकोपरला मेट्रोतून रेल्वेकडे उतरतो ना आपण, त्या गर्दीत पुलावरच त्याला फिट आली. भुवईवर पाच टाके पडले. जिन्याच्या पायऱ्या चार पावलांवर होत्या, एवढंच सांगतो.

लोक चांगले असतात हो मुंबईत. दहा जण धावले. पण एकाने हातात चाव्यांचा जुडगा कोंबला, दुसऱ्याने नाकाला चप्पल लावली, तिसरा दातांत चमचा घालायला बघत होता. यातल्या कशाचाही उपयोग नाही. चमच्याने तर दात तुटतो किंवा घशात काही अडकतं. फिट आलेल्या माणसाला दाबून धरू नका. आजूबाजूचं टणक, टोकदार बाजूला करा, डोक्याखाली बॅग किंवा ओढणी द्या, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर 108 ला फोन लावा. माणूस गरोदर असेल, पाण्यात पडला असेल, मार लागला असेल किंवा त्याची ही पहिलीच फिट असेल तर वाट बघायचीच नाही.

फिटची गोळी अचानक बंद झाली की मेंदू शांत राहायचा विसरतो असं समजा. तीन-चार दिवसांच्या खंडानंतर येणारी फिट आधीपेक्षा मोठी असू शकते, एकामागून एक येऊ शकते, आणि तशी लांबलेली फिट जीवावर बेतते. दोन-तीन वर्षं फिट नाही म्हणून गोळी सोडायची असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तोही महिनोन्महिने मात्रा हळूहळू कमी करत. नसांच्या दुखण्यासाठी घेतलेली प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनसुद्धा एकदम सोडायची नसते. झोप उडते, घाम येतो, मळमळ, घाबरल्यासारखं होतं. लोकांना वाटतं नवीन आजार झाला. ही सोडतानाही निदान एक आठवडा हळूहळू उतरवतात.

वहिनी चिडली. पण आजारावर नाही, लपवण्यावर. म्हणाली, "मला सांगितलं असतं तर सुट्टीत गोळी मी आठवणीने दिली असती." आज तिच्याचकडे त्याच्या गोळ्यांचा हिशोब असतो. आणि ज्यांना अजून कायद्याची भीती वाटते त्यांच्यासाठी: हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नाच्या वैधतेतली अडचण मानली जायची, ते शब्द 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकले. कायदा सुधारून पंचवीस वर्षं झाली. आपण अजून स्ट्रिप ड्रॉवरमध्ये लपवतोय.

आता आईचं. माझ्या मते सगळ्यात जास्त घरांत घडणारी गोष्ट हीच आहे.

आईला तीन डॉक्टर. साखरेच्या डॉक्टरांनी पायांच्या जळजळीसाठी रात्री प्रीगाबालिन दिली. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी ट्रामाडॉल असलेली गोळी दिली. आणि झोप लागत नाही म्हणून तिसऱ्यांनी झोपेची गोळी. तिन्ही चिठ्ठ्या तीन वेगवेगळ्या पिशव्यांत. आईचा स्वभाव असा की डॉक्टरसमोर जास्त बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. एका सकाळी ती उठेचना. हाक मारली तर जिभेत जड आवाज, डोळे मिटलेले, श्वास संथ. तातडीने दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पहिली गोष्ट विचारली, "आजींच्या सगळ्या गोळ्या आणल्यात का?" बहिणीने तिन्ही पिशव्या उचलून आणल्या होत्या. त्या मुलीने स्ट्रिपा टेबलावर ओळीने मांडल्या आणि लगेच कळलं.

प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती. चूक बेरजेत होती. या तिन्ही गोळ्या मेंदू मंद करतात, आणि एकत्र आल्या की श्वासही मंद होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये याचाच इशारा दिला. गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन या गोळ्या अफूच्या जातीच्या वेदनाशामकांबरोबर किंवा झोपेच्या औषधांबरोबर घेतल्या, किंवा माणूस वयस्कर असला, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असला, तर श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो. ट्रामाडॉल त्याच अफूच्या जातीचं आहे. आपल्याकडे 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी चिठ्ठीत सर्रास दिसतं. दारूही त्याच यादीत धरा. "रात्री एक पेग आणि मग नसांची गोळी" हे कॉम्बिनेशन आपल्या आजूबाजूला बरेच काका घेतात.

त्याच दवाखान्यात दुसरा प्रश्न आला, "क्रिएटिनिन शेवटचं कधी केलं?" कारण प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन शरीराबाहेर पडतात ते मूत्रपिंडातून. किडनी कमजोर असेल तर गोळी साचत जाते, आणि साधी मात्राही जास्तीची ठरते. मधुमेहाच्या माणसाची नस आणि किडनी बऱ्याचदा बरोबरच बिघडत असतात. म्हणजे ज्याला ही गोळी सगळ्यात जास्त लागते, त्यालाच मात्रा सगळ्यात जपून लागते. आईची मात्रा अर्धी झाली. आता पाय थोडे जळतात, पण ती सकाळी स्वतः चहा करते. म्हाताऱ्या माणसांना या गोळीने चक्कर येते, पाय सुजतात, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. "वय झालं, चालायचंच" म्हणून सोडू नका. डॉक्टरला सांगा.

काही गोष्टी मुद्द्यांत लिहितो, म्हणजे स्क्रीनशॉट काढता येईल.

1) नाव, मिलिग्रॅम आणि पुढची अक्षरं तिन्ही बघा. 75 आणि 150 यात दुपटीचा फरक आहे. कार्बामाझेपिन साधी असते आणि हळू विरघळणारीही असते, तिच्यापुढे सीआर किंवा एसआर लिहिलेलं असतं. भावाला एकदा स्टेशनजवळच्या एका मेडिकलने "तीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून साधी दिली. दुपारी त्याला एकाच्या दोन बसेस दिसायला लागल्या, चालताना झोक जायला लागला. हळू विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून खायची नाही. फिट कंट्रोलमध्ये असलेल्या माणसाने कंपनी बदलायची तर डॉक्टरला सांगून. स्वस्त जेनेरिक घ्यायला हरकत नाही, पण दर महिन्याला वेगळं नको.

2) दुसरं औषध सुरू होताना आधी ही गोळी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिक्सने कार्बामाझेपिन रक्तात वाढते. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन फिटची काही औषधं कमी पाडतं, तर आयसोनियाझिड काही वाढवतं. आपल्या भागात टीबी घरोघर ऐकू येतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. डॉट्सच्या ताईंना फिटची गोळी चालू आहे हे पहिल्याच दिवशी सांगा. गाबापेंटिन घेत असाल तर ॲसिडिटीचं गुलाबी-पांढरं औषध आणि ती गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

3) कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन यांतलं काही नवीन सुरू झालं आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल असं झालं, तर ही एक वेळ अशी आहे की थांबायचं नाही. पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी, स्ट्रिप घेऊन डॉक्टरकडे किंवा कॅज्युअल्टीत जा. कातडी सोलवटणारी, जीवघेणी रिॲक्शन अशीच सुरू होते. ॲलर्जीची गोळी घेऊन दोन दिवस बघू, असं करू नका.

4) मुलींसाठी आणि बायकांसाठी. सोडियम व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला मोठा धोका करू शकतं, जन्मजात व्यंगाचाही आणि पुढे बौद्धिक वाढीचाही. कार्बामाझेपिन आणि फेनिटोइनमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो. म्हणून लग्न किंवा मूल यांचा विचार सुरू होताच डॉक्टरशी बोला, औषध आधीच बदलता येतं. आणि दिवस राहिलेच असतील तर घाबरून गोळी बंद करू नका. लांबलेली फिट आईला आणि बाळाला दोघांनाही घातक. तातडीने डॉक्टर गाठा.

5) गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती एकच घ्या. दोन एकदम कधीच नाही. तुमच्या औषधासाठी नेमकं काय करायचं ते डॉक्टरकडून आजच लिहून घ्या.

6) गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर माणूस एकदम गप्प झाला, चिडचिड वाढली, "जगून काय करू" असं बोलायला लागला, तर ते औषधाचंही असू शकतं. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरला सांगा.

7) आपली गोळी शेजारणीला द्यायची नाही. "मला लागू पडली, तुम्ही पण घेऊन बघा" हे प्रेमाने होतं, मला माहीत आहे. पण तिची किडनी आणि तिच्या बाकीच्या गोळ्या तुमच्यासारख्या नाहीत.

आता सार्वजनिक मुद्दा. ही सगळी औषधं चिठ्ठीवर मिळणारी आहेत. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असला पाहिजे हा नियम आहे. प्रत्यक्षात जुनी स्ट्रिप दाखवली की नवी मिळते. याला फक्त मेडिकलवाला जबाबदार नाही. न्यूरॉलॉजीच्या मोठ्या विभागासाठी आपल्याला सायन नाहीतर केईएम गाठावं लागतं. असल्फ्याच्या डोंगरावरून किंवा कामराज नगरातून निघालेल्या माणसाचा एक दिवस जातो, म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते. फिटची मुख्य औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, गोळी फार महाग नाही. महाग आहे तो खाडा. म्हणून माणूस दोन दोन वर्षं जुन्या चिठ्ठीवर चालवतो, आणि त्या दोन वर्षांत त्याची किडनी, वजन, बाकीच्या गोळ्या, सगळं बदललेलं असतं.

यावर आपल्या हातात काय आहे? माझ्या तीन मागण्या. एक, राजावाडीत आणि "आपला दवाखाना"मध्ये आधीपासून ठरलेल्या रुग्णांच्या सगळ्या गोळ्यांची एकत्र तपासणी ठरावीक दिवशी संध्याकाळी व्हावी, कामावरून सुटल्यावर जाता येईल अशी. दोन, मेडिकलवाल्यांनी स्ट्रिप कापून देताना नाव आणि मुदत असलेला भाग ग्राहकाकडे राहील असं कापावं, आणि बदली कंपनी देताना तोंडाने सांगावं. तीन, आपली मंडळं रक्तदान शिबिरं झकास करतात. त्याच मांडवात एक टेबल टाका, एक फार्मासिस्ट बसवा, लोकांना म्हणावं घरातल्या सगळ्या स्ट्रिपा घेऊन या. स्थानिक नगरसेवकांनाही हे लेखी देणार आहे, सही करायला कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा.

औषधाचा त्रास झाला तर तक्रार फक्त डॉक्टरच करू शकतो असं नाही. केंद्र सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याची टोल फ्री हेल्पलाइन 1800-180-3024. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात.

आणि घरापुरतं सांगायचं तर एक वही करा. शंभर पानी, वीस-तीस रुपयांची. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, कशाची ॲलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन आणि तारीख. दुसऱ्या पानावर प्रत्येक गोळी: नाव, मिलिग्रॅम, किती वाजता, कोणत्या डॉक्टरने, कधीपासून, कशासाठी. गोळी बंद झाली तर खोडू नका, पुढे तारीख टाका. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, झोपेची, सर्दीची, सगळं लिहा. प्रत्येक डॉक्टरसमोर तीच वही उघडायची. बोलायला संकोच वाटणाऱ्या माणसाच्या वतीने वही बोलते. गणपतीला गावी निघताना वही आणि पाच दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, डिकीत टाकलेल्या सामानात नाहीत. गाडी कशेडीत अडकली तरी रात्रीची गोळी चुकत नाही.

आज रात्री गोळी काढताना स्ट्रिप उलटी करून नाव आणि मिलिग्रॅम नीट वाचा आणि कागदावर उतरवा. वाचता आलं नाही तर घरातल्या पोराला हाक मारा. पोस्ट पुढे पाठवायला काहीच हरकत नाही, फक्त एक विनंती. ही वाचून कुणीही गोळी स्वतः कमी-जास्त करू नका. पोस्ट डॉक्टरला दाखवा आणि विचारा, "माझ्या बाबतीत यातलं काय लागू आहे?"